तुमचं तुंबतं

पाचव्या रांगेतून उठून उभा राहिलेला म्हातारा आपला बाप आहे, हे रम्याच्या लक्षात यायला क्षणभर उशीर झाला. आधी तिला दिसला तो सदरा, फिकट पिवळा, खिशाला शाईचा जुना डाग असलेला. मग त्या सदऱ्यातून वर आलेली बारीक मान, आणि मग तो चेहरा, जो सकाळी तिनं उशीवर बघितला होता. गुडघे धरलेत, आज पडूनच राहतो, असं अप्पा म्हणाले होते. ती निघाली तेव्हा त्यांनी डोळेही उघडले नव्हते. आता ते कल्याण मंटपातल्या, पाठीला लाल रिबिनी बांधलेल्या खुर्च्यांच्या मध्ये उभे होते आणि पुढच्या खुर्चीवर दोन्ही हात टेकून माईक आपल्यापर्यंत यायची वाट बघत होते. आदल्या दिवशी इथे कुणाचं तरी लग्न झालं होतं. तुपाचा आणि चिंचेच्या साराचा वास अजून भिंतींतून गेला नव्हता. झेंडूचा चुरा झाडून व्यासपीठाच्या कडेला ढीग करून ठेवला होता आणि त्या ढिगाशेजारी तिवईवर या भागाचा नकाशा उभा होता. अप्पांनी नकाशाकडे बघितलं, नकाशाशेजारी बसलेल्या रम्याकडे बघितलं, आणि ओळख नसल्यासारखी नजर काढून घेतली. ते तिला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटायला मात्र वेळ मिळाला नाही, कारण माईक त्यांच्या हातात आला होता.

नकाशा रम्याचाच होता. पावसाचं पाणी नुसतं वाहून घालवायचे दिवस संपले, आता ते जागोजाग अडवायचं, मुरवायचं, थांबू द्यायचं, असा आराखडा पालिकेनं करायला घेतला होता आणि मारतहळ्ळीपासून खाली बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंतचा उताराचा पट्टा तिच्या कंपनीकडे आला होता. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या गटाराऐवजी गवताचे चर, बागांमध्ये शोषखड्डे, आणि जुन्या राजकालुवेच्या, म्हणजे एका तळ्याचं पाणी पुढच्या तळ्यात नेणाऱ्या मोठ्या ओढ्याच्या, दोन्ही अंगांना मोकळी पाणथळ जमीन. कागदावर ते फार सुंदर दिसायचं. त्यासाठी सभा चालू होत्या. लोकांनी उठून आपापल्या गल्लीतलं पाणी सांगायचं आणि ऋचानं नकाशावर टिकली लावायची. निळी टिकली म्हणजे इथं पाणी साठतं, ही त्याचीच जागा आहे, ती मोकळी करा. नारिंगी टिकली म्हणजे इथं काहीतरी अडतं, ते उपसा, रस्त्याखालची मोरी मोठी करा, पाणी पुढे जाऊ द्या. ऋचा पुण्याची, या कामाची मुख्य, रम्याहून वयानं लहान. वर्षभर बेंगळुरात राहून तिला कन्नडमधलं ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे ठीक, एवढंच येत होतं. म्हणून रम्यानं तिच्या शेजारी बसायचं, लोक काय म्हणतात ते हळूच मराठीत सांगायचं, आणि मग टिकली. सकाळपासून हे यंत्रासारखं चाललं होतं. अप्पा उठेपर्यंत रम्याला आपण दोन भाषांच्या मध्ये बसलो आहोत हे जाणवलंही नव्हतं. माणसाला आपली जीभ तोंडात आहे हे कुठे सारखं जाणवत असतं.

“नम्म तिरुविनल्लि तुंबुत्ते, सार,” अप्पा माईकमध्ये म्हणाले. त्यांचा आवाज तिला अनोळखी वाटला, सपाट आणि धुतलेला. “याव वर्षानू बिट्टिल्ल.” आमच्या वळणावर तुंबतं. एकही वर्ष चुकलेलं नाही. एवढंच बोलून त्यांनी माईक परत दिला. मग काही विसरल्यासारखं पुन्हा हात पुढे केला, पण माईक पुढच्या रांगेतल्या बाईकडे गेला होता. ते उभेच राहिले.

ऋचानं टिकल्यांचे दोन्ही कागद मांडीवर सारखे केले. काय म्हणाले काका, असं तिनं विचारलं.

तुंबतं, असं रम्या म्हणाली. तोंडातून तो शब्द तसाच बाहेर आला, कन्नडमधून मराठीत यायला त्याला काहीच करावं लागलं नाही, नुसती शेपटी बदलायची. आणि शब्द बाहेर पडल्यावर तिला घाम फुटला.

कन्नडमध्ये तुंबणं म्हणजे भरणं. तळं तुंबलं की लोक नटूनथटून बांधावर जातात, सुपातून हळदकुंकू, बांगड्या, धान्य पाण्याला वाहतात. गर्भार बाईला तुंबिद बसुरी म्हणतात, भरल्या पोटाची. पुण्याच्या मराठीत तुंबणं म्हणजे गटारात प्लास्टिक अडकणं, न्हाणीघरात केसांचा बोळा, नाकावर रुमाल. आणि रम्याच्या घरात, जिथे मराठी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून आली आणि मग कन्नडच्या शेजारी राहून राहून तिच्यासारखीच साडी नेसायला लागली, तिथे दोन्ही. तिची आई, सत्यवती, सकाळी नळ आला की हाक द्यायची, रम्या, हंडा तुंबव. आणि त्याच दिवशी संध्याकाळी, मोरी तुंबली गं, काठी आण. त्या घरात कुणाचा कधी घोटाळा झाला नाही. आईचा आवाजच सांगायचा. पहिल्या हाकेत वर जाणारं काहीतरी असायचं, दुसरीत खाली बसणारं. घोटाळा झाला तो ऋचा आल्यावर. ऑफिसच्या गच्चीवरची टाकी तुंबली, मोटार बंद करायला सांग, असं रम्या म्हणाली आणि ऋचानं घाईघाईनं प्लंबर बोलावला. तो बिचारा लांब सळई घेऊन गच्चीवर गेला आणि काठोकाठ भरलेल्या स्वच्छ टाकीकडे बघत उभा राहिला. त्यावर ऑफिस आठवडाभर हसलं. तेव्हापासून त्या दोघींची गंमत ठरून गेली होती. डबा तुंबला म्हटलं की ऋचा विचारायची, आमचं तुंबणं की तुमचं.

तेच तिनं आता विचारलं. नकाशाकडे बघत, पेनाचं टोपण दातात धरून, हसतसुद्धा.

“आमचं तुंबतं, की तुमचं?”

अप्पांच्या वळणावर घर एकच होतं. गल्ली उतरत येते, डावीकडे वळते, आणि वळणाच्या पोटात ते घर. ते बांधलं तेव्हा आजूबाजूला नाचणीची शेतं होती आणि जुन्या पेठेतले नातेवाईक अप्पांबद्दल म्हणायचे, विठोजीला वनवास आठवला. कारखान्यातल्या फिटरला शहराच्या आत जमीन परवडली नाही, म्हणून तो बाहेर आला, आणि मग शहर त्याच्यामागून चालत आलं, त्याला ओलांडून पुढे गेलं आणि वरच्या अंगाला काचेच्या इमारती बांधून बसलं. आता त्या इमारतींच्या आवारातलं पाणी पाऊस आला की याच गल्लीनं उतरायचं आणि वळणावर थबकायचं. रम्याला ते पाणी अंगानं ओळखीचं होतं. ते आवाज करून येत नाही. उंबऱ्याच्या खालच्या फटीतून एक काळी रेघ आत येते, फरशीच्या सांध्यांतून चौकटी आखत पसरते, आणि मग कुठेतरी एक चप्पल फिरायला लागते. जमीन गार पडते, घट्ट गार, आजारी माणसाच्या पायांसारखी. फ्रिज विटांवर होता, कपाटं विटांवर होती, आईचा आजारपणातला पलंगसुद्धा त्यांनी विटांवर चढवला होता आणि आई वरून वाकून पाण्याकडे बघत म्हणायची, होडीत निजवलंय मला बाप-लेकीनं. ती गेली तेव्हा कोरडा दिवस होता. लोक म्हणाले, नशीब. वर्षातून चार वेळा पाणी यायचं आणि उरलेलं वर्ष ते परत येणार म्हणून जायचं. रम्याच्या लग्नाचं जे काही व्हायचं ते होऊन ती या घरात परत आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. भाऊ शंभूराज म्हैसूरला. अप्पा घर सोडणार नाहीत हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. कुणी त्यांना विचारल्याचं रम्याला आठवत नव्हतं. घर त्यांनी हातानं बांधलं होतं, खिडक्यांचे गज स्वतः कापले होते, एवढं पुरेसं होतं. कोचीचं काम आलं तेव्हा तिनं नाही म्हणताना कारण दिलं होतं, वडील आहेत, ते हलायचे नाहीत. हे वाक्य तिनं इतक्यांदा वापरलं होतं की ते विटेसारखं झालं होतं. त्यावर काहीही ठेवता यायचं.

नकाशात त्या वळणावर तिनं स्वतः काहीच दाखवलं नव्हतं. खोटं दाखवलं नव्हतं. उंचीचे आकडे घातले की संगणक पाणी सोडतो आणि ते आपसूक जिथं जायचं तिथं जातं. पडद्यावर तो निळा डाग दर वेळी त्याच वळणाच्या पोटात येऊन बसायचा, पाळलेल्या कुत्र्यासारखा. राजकालुवेचा एक फाटा कधीतरी तिथून जात होता. तो बुजला, त्यावर गल्ली झाली, पण पाण्याला ते कुणी सांगितलं नाही. ऋचानं डागाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, इथं निळं येणार असं दिसतंय, लोक काय म्हणतात बघू, माझा लोकांवर भरवसा आहे. रम्या म्हणाली होती, बघू. तिथं आपलं घर आहे हे ती म्हणाली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, आणि नंतर सांगायचं तर आधी का नाही हे आलं असतं. ओळखीचा भाग आहे, एवढं ती एकदा म्हणाली होती, आणि ऋचा म्हणाली होती, मस्तच की.

निळी टिकली लागली की घर जाणार. त्या जागी गवत येणार, पाणकणीस येणार, कडेला बाकडं, माहितीचा फलक, आणि पावसाळ्यात तिथं पाणी उभं राहिलं की लोक फोटो काढणार. रम्यानं अशा जागा किती आखल्या होत्या. त्या चांगल्या असतात. खालच्या उताराला पत्र्याच्या घरांची ओळ आहे, चिक्कोडी-निपाणीकडून आलेली माणसं राहतात. वळणावर पाणी थांबलं तर त्यांच्या चुली वाचतात. नारिंगी टिकली लागली की रस्त्याखालची मोरी रुंद होणार, घर राहणार आणि पाणी धावत त्यांच्याकडे जाणार. हे सगळं तिला एकाच वेळी दिसलं, नकाशावर वरून दिसतं तसं, कुणाचाही चेहरा न दिसता. आणि समोर अप्पा उभे होते. ते कन्नडमध्ये बोलले होते, आणि कन्नडमध्ये त्या शब्दाला एकच अर्थ होता. पण अप्पांचं कन्नड म्हणजे तरी काय, तेही घरातलंच होतं. पालिकेच्या माणसाला ते कित्येकदा म्हणाले होते, मोरी तुंबिदे, आणि तो माणूस गोंधळून म्हणाला होता, तुंबिदे तर चांगलंच की, सार. म्हणजे ते तक्रार करत असणार. गटाराची तक्रार करायलाच म्हातारी माणसं सभेला येतात. कुठला माणूस उठून म्हणेल की माझं घर पाण्याच्या जागेवर आहे.

“रम्या,” ऋचा म्हणाली, “ताटकळलेत ते.”

“तुमचं,” रम्या म्हणाली. म्हणजे पुण्याचं, अडलेलं.

ऋचानं नारिंगी टिकली सोडवून वळणावर लावली आणि अंगठ्यानं दाबली. घरावरच बसली ती. अप्पांनी ते लांबून बघितलं. त्यांना रंगांचा अर्थ माहीत असायचं कारण नव्हतं. रंग व्यासपीठावरच्यांचे होते. टिकली लागली, म्हणजे आपलं म्हणणं पोचलं, एवढंच त्यांना कळलं असणार, कारण त्यांनी समाधानानं मान हलवली आणि गुडघ्याला हात लावून सावकाश खाली बसले.

त्यानंतर किती लोक बोलले हे रम्याला सांगता आलं नसतं. ती ऐकत होती आणि सांगत होती. महादेवपुऱ्याच्या बाजूच्या एका सोसायटीतले गृहस्थ झाडांच्या जातींबद्दल फार वेळ बोलले. शेवटी पालिकेच्या अधिकाऱ्यानं नकाशावर खाली सही केली, तारीख घातली, आणि हे लोकांचं म्हणणं आहे, आता यात फेरफार नाही, असं माईकमधून सांगितलं. टाळ्या वाजल्या. चित्रान्नाचे द्रोण फिरले. रम्यानं गर्दीत पिवळा सदरा शोधला, पण अप्पा जेवायला थांबले नव्हते.

परतताना गाडी मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकली. पुढे बस, मागे बस, डाव्या काचेला एक टँकर इतका चिकटून की त्याच्या नळातून ठिबकणारं पाणी आतून दिसत होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाडीतली हवा हळूहळू दुसऱ्यानं सोडलेल्या श्वासासारखी व्हायला लागली. ऋचानं बूट काढून पाय वर घेतले आणि नकाशाचे फोटो बघत बसली. चांगली झाली सभा, असं ती म्हणाली. तिला एकच आश्चर्य वाटत होतं. त्या वळणावर ती निळं धरून चालली होती. आकडे तर तसंच सांगत होते. पण आकड्यांपेक्षा तिथं राहणारा माणूस जास्त जाणतो, म्हणून तर या सभा, नाहीतर घरात बसून नकाशे रंगवले असते की. म्हातारा किती थोडं बोलला आणि किती नेमकं. रम्या टँकरच्या नळाकडे बघत होती. आता सांगता आलं असतं. तीन वाक्यांचं काम होतं. पण त्यातलं पहिलं वाक्य, ते माझे वडील आहेत, हे असं होतं की ते उच्चारलं की बाकीची दोन कुणी ऐकली नसती. मागच्या सगळ्या सभा, सगळ्या टिकल्या, तिनं कानात सांगितलेला प्रत्येक शब्द परत तपासायला निघाला असता. आणि ती खोटं बोलली असंही म्हणता येत नव्हतं. शब्द तिनं होता तसाच दिला होता, फक्त कुणाचा ते सांगितलं होतं. तिनं काच खाली करायचं बटण दाबलं. काच चार बोटं उतरली आणि टँकरच्या पत्र्याची ऊन वाफ आत आली. तिनं ती परत वर केली.

“तुझ्याकडे बघत होते गं ते,” ऋचा म्हणाली. “मध्येच. ओळखीचे आहेत का?”

“इकडं सगळेच ओळखीचे असतात,” रम्या म्हणाली.

ऋचा हसली आणि पुन्हा फोटो बघायला लागली.

गल्लीच्या तोंडाशी रम्या उतरली. कोपऱ्यावर ठकुबाईची इस्त्रीची गाडी होती. ठकुबाई निपाणीकडची, पत्र्याच्या ओळीतली, या गल्लीत मराठी ऐकू येते म्हणून तिनं गाडी इथं लावली होती. कोळशावर पाणी शिंपडत तिनं विचारलं, झाली का मीटिंग, काय ठरलं. अजून ठरायचंय, असं रम्या म्हणाली. ठरवा बाई निवांत, ठकुबाई म्हणाली, आम्हाला कुठं घाई हाय. मग शर्टाची कॉलर दाबत, वर न बघता, तिनं विचारलं, “औंदा पानी तुमच्यातच ठिवून घेताय, का देताय आमच्याकडं लावून?” आणि आपल्याच बोलण्यावर खळखळून हसली. शेजारचा टपरीवालाही हसला. रम्याही हसली. हसताना तिला आपले दात उघडे पडलेले जाणवले, आणि ते झाकायला जरा वेळ लागला. वळणापर्यंतची चाल उताराची होती. पाय आपोआप पडत होते. पाण्याला इथं काही ठरवावं लागत नाही, असं तिच्या मनात आलं.

अप्पा स्वयंपाकघरात दहीभात कालवत होते. सदरा बदललेला नव्हता. गुडघ्यांचं नाव नव्हतं. ये पुट्टी, असं ते म्हणाले. ती लहान होती तेव्हा ते तिला पुट्टी म्हणायचे, आई गेल्यापासून तो शब्द घरात आला नव्हता. त्यांनी तिच्यासाठी ताट घेतलं, लोणचं वाढलं, आणि ती हात धुऊन बसते तोवर बोलायलाही लागले, भरभर, माईक उशिरा मिळाल्यासारखे. सकाळी खोटं सांगितलं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू असताना येतो म्हटलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस. रात्रभर वाक्य पाठ करत होतो. मराठीत काहीतरी भलतंच व्हायचं, म्हणून म्हटलं कन्नडमध्येच सांगावं, सरळ, कुणाला शंका नको. भीती एवढीच वाटत होती की तुझ्याकडे बघितलं की हसू येईल.

काय सांगायचं होतं तुम्हाला, असं रम्यानं विचारलं. घास तिच्या हातातच होता.

“सांगितलं की. इथं भरतं म्हणून.” ते थांबले. “हे घर आपण विकू शकलो असतो, रम्या. कितीतरी लोक आले. पण घेणारा विचारणार, पाणी येतं का हो. मग काय सांगायचं? येत नाही म्हणायचं? तुझ्या आईच्या घराचं खोटं सांगून ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं? मला नाही जमलं. म्हणून बसून राहिलो. आता पालिका पाण्याला जागा देते म्हणे. ती उठ म्हणाली तर उठण्यात कुणाची फसवणूक नाही.”

मला वाटलं होतं तुम्ही हे घर सोडणार नाही, असं रम्या म्हणाली. आवाज तिला स्वतःचाच वाटला नाही.

मला कुणी विचारलंय का कधी, असं अप्पा म्हणाले, पण रागानं नव्हे. लोणच्याची फोड चोखत ते खिडकीच्या गजांकडे बघत होते, आपण कापलेल्या. शंभूराजचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिसऱ्या मजल्यावर पाऊस नुसता दिसतो, ऐकू येतो, आणि आपण चहा पीत बसायचं. एवढं एकदा अनुभवायचंय. आणि तू, तू माझ्यासाठी इथं राहिलीस, मी तुझ्या तोंडाकडे बघून राहिलो, की घर गेलं तर ही कुठे जाईल. दोघं एकमेकांना धरून विटांवर चढून बसलोय. तुझी आई असती तर बदडलं असतं दोघांना.

ते हसत होते. इतक्या वर्षांत तिनं त्यांना इतकं हलकं बघितलं नव्हतं. खांदे खाली आले होते, मान लांब झाली होती. उद्या सकाळी ऋचाला फोन करता येईल. हे वाक्य तिच्या मनात आलं आणि त्याच्या मागोमाग त्याचं उत्तर आलं, पुलाखालच्या गाडीत आलं होतं तेच. मग आणखी एक आलं. आता सांगायचं ते ऋचाला नाही, इथं, या ताटासमोर सांगायचं होतं. अप्पा, मी. एवढं तिनं मनात म्हणून बघितलं. पुढचं वाक्य येईना. तिनं घास तोंडात घातला. दह्याला चव नव्हती. सगळीकडे ती गार फरशी होती, कोरडी, स्वच्छ पुसलेली, आणि पुढच्या पावसाळ्यानंतरही, रुंद मोरीच्या वरच्या अंगाला, ती अशीच असणार होती. अप्पांना इथून उठायला आता कुणीही सांगणार नव्हतं.

हात धुताना अप्पांना काहीतरी आठवलं. नळ बंद न करता त्यांनी वळून बघितलं.

“त्या पुण्याच्या बाईला कन्नड येत नाही ना? तू सांगत होतीस तिच्या कानात. नीट सांगितलंस ना पण? काय म्हणालीस?”

रम्यानं त्यांच्याकडे बघितलं. “तुंबतं, म्हणून सांगितलं,” ती म्हणाली.

अप्पांनी तो शब्द ऐकला. ज्या घरात त्याचा कधी घोटाळा झाला नव्हता त्या घरात ऐकला, आणि मान डोलावली. “सरी,” ते म्हणाले. त्यांनी नळ बंद केला, पंच्याला हात पुसले आणि म्हैसूरला फोन लावला. घंटा वाजत असताना ते स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते, गुडघे न वाकवता, लग्नघरातल्या माणसासारखे. पलीकडून शंभूराजनं काही विचारलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम चढला.

“अरे हो, नक्की. टिकली लावली, माझ्या डोळ्यांसमोर. रम्याच होती तिथं. तिनंच सांगितलं.”